तळघरातला लाल चीन

शांघायच्या हुआशान रोडवर दोन्ही बाजूंना चिनारासारखी मोठी झाडं आहेत आणि त्यांच्या मागे उंच रहिवासी इमारती. त्यातल्याच एका वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी आम्हाला बघून हसला आणि काही न विचारता खिशातून एक छोटं कार्ड काढून हातात दिलं. कार्डावर नकाशा होता : कुठल्या इमारतीच्या मागून वळायचं, कुठल्या लिफ्टनं खाली जायचं. परदेशी चेहरा दिसला की तो कुठे निघालाय हे त्याला पाठ झालेलं. वाटेत कुणाचे तरी कपडे वाळत होते, एक आजोबा पिंजऱ्यातला पक्षी घेऊन बसले होते. खाली तळघरात उतरलो, दार ढकललं आणि चहूबाजूंनी लाल रंग अंगावर आला.

हे २०१८ सालचं. आमची मुलगी तेव्हा चीनमध्ये एमबीबीएस करत होती. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिकडे शिकायला जातात, हे वाचकांना ठाऊक आहेच. तिला भेटायला आम्ही दोघं गेलो आणि चार दिवस शांघाय बघायला काढले. उंच मनोरे, नदीकाठ, बाजार हे सगळं झालं. पण परत आल्यावर लोक विचारतात की काय पाहिलंत, तेव्हा आमच्या तोंडी आधी येतं ते हे तळघर. शांघाय प्रचार-पोस्टर कला केंद्र असं त्याचं नाव. यांग पेइमिंग नावाच्या गृहस्थांनी स्वतःच्या पैशानं जमवलेली पोस्टरं तिथे आहेत, हजारोंनी. आम्ही गेलो तेव्हा ते त्या तळघरात होतं. त्यानंतर त्याची जागा बदलली आहे, तेव्हा जाणाऱ्यांनी नवा पत्ता पाहून घ्यावा.

यांग यांनी जमवायला सुरुवात केली ती १९९०च्या दशकात. माओचा काळ संपून चीन पैसा कमावण्याच्या मागे लागला होता. कारखाने, शाळा, सरकारी कचेऱ्या आपापली कपाटं रिकामी करत होत्या आणि जुन्या पोस्टरांचे गठ्ठे रद्दीत चालले होते. सरकारी संग्रहालयांना या चित्रांशी नेमकं काय करावं ते कळत नव्हतं. ठेवली तर जुन्या जखमा निघतात, टाकली तर इतिहास जातो. एका खाजगी माणसानं ती उचलली. अधिकृत संग्रहालयाचा परवाना त्यांना मिळाला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, २०१२ साली.

भिंतीवर पोस्टरं सालवार लावलेली होती. मुलगी चिनी वाचून दाखवायची. "अब्बू, सगळीकडे उद्गारचिन्ह आहे," असं ती दहाव्या मिनिटाला म्हणाली. खरंच होतं. पण चित्रांकडे बघत पुढे गेलो तसं लक्षात यायला लागलं की ही कला १९४९ साली क्रांतीबरोबर आभाळातून पडलेली नाही.

चिनी घरात नवीन वर्षाला भिंतीवर आणि दारावर नवं चित्र लावायची जुनी रीत. दाराच्या दोन फळ्यांवर दोन पहारेकरी देव, चुलीच्या वर चूलदेवाचं चित्र. हा चूलदेव वर्षभर घरातलं सगळं बघतो आणि वर्ष सरताना वर जाऊन घरच्यांचा अहवाल देतो, अशी समजूत; म्हणून जाण्याआधी त्याच्या ओठांना गोड चिकट पदार्थ लावायचा आणि मग चित्र जाळायचं. लाकडी ठशांनी छापलेली ही चित्रं थ्येनजिनजवळच्या यांगल्यूछिंग आणि सूचौच्या थावहुआवू या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या तयार होत. गुबगुबीत बाळ, मोठा मासा, कमळ, पीच; बरकतीच्या साऱ्या खुणा. अडाण्यालाही समजेल अशी.

दुसरा झरा शांघायचाच. १९२०-३०च्या दशकांत सिगारेट, साबण आणि औषधं विकणाऱ्या कंपन्या नववर्षाला फुकट कॅलेंडर वाटत. त्यावर गुलाबी गालांच्या, रेशमी छीपावमधल्या तरुणी. चित्रकार आधी कोळशाची बारीक पूड कापसानं कागदावर घासून छाया तयार करायचे, मग वर जलरंगाचे पातळ हात द्यायचे. त्यामुळे त्वचा अशी दिसायची की बोट लावून बघावं. ली मूबाय, जिन मेइशंग, शिन लीलियांग हे या कामातले उस्ताद. आणि तिसरा झरा रागाचा. लेखक लू शुन यांनी १९३१ साली शांघायमध्ये तरुण चित्रकारांसाठी लाकडावर कोरून छापण्याचा वर्ग भरवला. काळी-पांढरी, टोकदार, उपाशी माणसांची चित्रं त्यातून निघाली. यातली बरीच मंडळी पुढे येनानला कम्युनिस्टांच्या तळावर गेली. तिथे शेतकऱ्यांनी ही चित्रं बघून नाकं मुरडली. अर्ध्या चेहऱ्यावर काळोख का? माणूस असा अर्धा काळा, अर्धा गोरा असतो का? चित्रकारांनी मुकाट्यानं सावल्या पुसल्या आणि गावच्या नववर्षाच्या चित्रांकडे वळले.

क्रांती झाल्यावर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर १९४९मध्ये, नव्या सरकारनं नववर्षाच्या चित्रांबद्दल फर्मान काढलं : चित्रं तीच, आशय नवा. देवांच्या जागी सैनिक, शेतकरी, कामगार. आणि सिगारेटच्या सुंदऱ्या रंगवणारे ते उस्ताद? त्यांनाच कामाला लावलं. जिन मेइशंग यांचं भाजीच्या मळ्यातल्या तरुणीचं चित्र आम्ही पाहिलं. हिरव्यागार काकड्या, कोबी आणि मध्ये हसणारी मुलगी. कपडे सहकारी शेतावरचे, पण गाल कॅलेंडरवाल्या बाईचेच. हिच्या अम्मीनं, म्हणजे आमच्या घरातल्या सौंदर्यपारखी व्यक्तीनं, ते बरोबर ओळखलं.

शिन लीलियांग यांच्या १९५४च्या चित्रासमोर मात्र आम्ही बराच वेळ उभे होतो. एक शेतकरी कुटुंब जेवायला बसलंय. आजी, आईवडील, मुलं, टेबलावर भरगच्च जेवण. पाठीमागच्या भिंतीवर माओचं चित्र. शीर्षकाचा अर्थ असा की हे सुखाचं आयुष्य आम्हाला अध्यक्ष माओंनी दिलं. म्हणजे घरात लावायच्या चित्रातच दाखवलंय की घरात कुठलं चित्र लावायचं. चूलदेव गेला, त्याची जागा रिकामी राहिली नाही. आणि घरच्यांचा अहवाल वर पोचवण्याचं जुनं काम पुढच्या काळात शेजारीपाजारी आणि कधी पोटची मुलंही करू लागली.

पुढच्या दालनात १९५८ची पोस्टरं. 'मोठी झेप' नावाच्या मोहिमेचं ते वर्ष. पंधरा वर्षांत पोलाद-उत्पादनात इंग्लंडला मागे टाकायचं ठरलं होतं. परसात भट्ट्या पेटल्या, लोकांनी घरातली भांडी वितळवली. पोस्टरांत भोपळ्यावर मुलं बसलेली, हत्तीएवढं डुक्कर, होडीएवढा मासा, कणसांच्या ढिगावर आभाळाला टेकलेले शेतकरी. एका बाजूला उंदीर, माशी, डास आणि चिमणी या चार शत्रूंना मारायची पोस्टरं. लहान मुलं गलोल घेऊन निघालेली. चिमण्या मेल्या, किडी वाढल्या, तेव्हा १९६०मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. रंग एवढे आनंदी की आपणही क्षणभर हसतो. मग साल आठवतं. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत चीनमध्ये दुष्काळानं नव्हे, या धोरणानं माणसं उपाशी मेली. अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. खोट्या आकड्यांवर धान्यवसुली झाली आणि पिकवणाऱ्याच्या घरात दाणा उरला नाही. ज्या भिंतीखाली माणूस भुकेनं बसला असेल, त्याच भिंतीवर हे हत्तीएवढं डुक्कर असेल. आम्ही तिथून पुढे सरकलो तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

सांस्कृतिक क्रांतीचं, १९६६ ते १९७६चं दालन सर्वांत लाल. चित्र कसं असावं याचा दंडकच होता : लाल, उजळ, चकचकीत. माओच्या चेहऱ्यावर थंड रंग नको, सावली नको. प्रकाश त्याच्याकडे येत नाही, त्याच्यातून निघतो. या काळातलं सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे ल्यू चुनहुआ या कलाविद्यार्थ्यानं १९६७ साली रंगवलेलं 'अध्यक्ष माओ आनयुआनला जातात'. डोंगरमाथ्यावर तरुण माओ, लांब निळा झगा, काखेत छत्री, मागे ढग. जुलै १९६८पासून त्याच्या छापील प्रती निघाल्या. नव्वद कोटी हा आकडा सांगितला जातो. एका चित्राच्या!

त्या चित्रामागची गोष्ट आम्हाला चित्राहून मोठी वाटली. आनयुआन ही जियांगशी प्रांतातली कोळशाची खाण. १९२२ साली तिथे कामगारांचा मोठा संप झाला, त्याची बांधणी करणाऱ्यांत ल्यू शाओची पुढे होते. १९६१ साली होउ यिमिन या चित्रकारानं ल्यू शाओची आणि खाणकामगारांचं मोठं चित्र काढलं, त्याचं कौतुकही झालं. पण पुढे ल्यू शाओची राष्ट्राध्यक्ष असतानाच माओंच्या मर्जीतून उतरले. होउंचं चित्र गद्दारीचं ठरवून नष्ट झालं, आणि संपाचं श्रेय दुसऱ्याला देणारं नवं चित्र घरोघर पोचलं. ल्यू शाओची १९६९च्या नोव्हेंबरात खायफंगमध्ये बंदिवासात, औषधपाण्यावाचून वारले. ल्यू चुनहुआच्या मूळ चित्राचं सांगायचं तर १९९५ साली त्याचा लिलाव झाला आणि साठ लाख युआनहून जास्त रक्कम मोजून ते एका बँकेनं घेतलं.

असंच तुंग शीवेन यांचं 'राष्ट्र-स्थापनेचा सोहळा'. तिआनआनमेनवर माओ घोषणा करताहेत, मागे नेत्यांची रांग. चित्र १९५३चं. १९५४मध्ये काव कांग पदच्युत झाले. चित्रकाराला बोलावून त्यांना चित्रातून काढायला लावलं, त्यांच्या जागी मोकळं आभाळ आलं. मग ल्यू शाओचींची पाळी. १९७२मध्ये त्यांच्या ऐवजी दुसरा नेता उभा केलेली नवी आवृत्ती तयार झाली. १९७९मध्ये पुन्हा सगळे आपापल्या जागी. मुलगी म्हणाली, "अम्मी, हे तर आपल्या लग्नाच्या ग्रुप-फोटोतून भांडलेल्या काकांना कापण्यासारखं झालं." हसू आलं खरं. पण इथे कापला गेलेला माणूस फोटोबाहेरही उरत नव्हता.

आता एक शब्द. त्या काळात माओचं चित्र 'विकत घेतलं' असं म्हणायची सोय नव्हती. क्रियापद होतं 'छिंग', म्हणजे आदरानं बोलावून आणणं, पूर्वी देवाच्या मूर्ती-चित्रांसाठी वापरलं जायचं ते. आपल्याकडे कुरआन शरीफची किंमत कुणी विचारत नाही, हदिया किती असं विचारतात. पवित्र वस्तूला बाजाराची भाषा लावायची नाही, हा माणसाचा जुना संकोच. तो संकोच एका जिवंत राजकारण्याच्या छापील कागदाला मिळाला होता. चित्र फाटलं, चुरगळलं, त्यावर शाई सांडली तर माणूस गोत्यात येई. आमच्यासारख्या, भिंतीवर माणसाचं चित्र लावावं की नाही याचाच विचार करणाऱ्या घरातून आलेल्यांना हे बघताना काय वाटलं असेल, ते वाचकांना वेगळं सांगायला नको.

याच दालनात एक नाव वाचून आम्ही थांबलो : हा छ्युंगवेन. 'हा' हे आडनाव चीनमधल्या हुई मुसलमानांत आढळणारं. शांघायच्या प्रकाशनसंस्थेतले हे मोठे पोस्टर-चित्रकार, २०१२मध्ये वारले. त्यांचं १९५९चं पोस्टर आम्हाला संपूर्ण तळघरात सर्वांत आवडलं. काळ्या मखमली छीपावमधली एक आई, तिच्या खांद्यावर लहान मूल, मागे गुलाबी फुलांचा बहर आणि त्यात इतर मायलेकरं. नाव 'अध्यक्ष माओ चिरायू होवोत', पण माओ कुठेच नाहीत. आई आणि मूल चित्राबाहेर कुणाकडे तरी बघताहेत. सांस्कृतिक क्रांतीत याच दोन गोष्टींवरून त्यांच्यावर टीका झाली : बाईचा पोशाख श्रीमंती आहे, आणि अध्यक्ष दिसत नाहीत. आम्हाला ते पोस्टर आवडलं ते नेमकं त्या मोकळ्या जागेमुळे.

मुसलमान या पोस्टरांत दिसतात का? दिसतात, नेहमी नाचताना किंवा फळं घेऊन. 'सर्व राष्ट्रीयत्वांची एकजूट' या विषयाची शेकडो चित्रं निघाली. त्यात शिनजियांगचा उइगर नक्षीदार टोपी घातलेला, हातात दुतार, बाजूला द्राक्षं नि कलिंगडं. एक चेहरा पुनःपुन्हा येतो, कुर्बान तुलूम यांचा. केरियाचे हे म्हातारे शेतकरी. जमीन मिळाल्याचे आभार मानायला गाढवावर बसून पेइचिंगला निघायचं म्हणत होते. जून १९५८मध्ये माओंशी त्यांची भेट घडवण्यात आली. पांढरीशुभ्र दाढी, दोन्ही हातांत माओंचा हात. त्या हस्तांदोलनाचा मोठा पुतळा खोतानच्या चौकात उभा आहे. कुर्बानचाचांच्या भावनेवर शंका घ्यायचं आम्हाला कारण नाही. जमीनदाराकडे राबलेला माणूस होता. पण चित्रात ज्याला जागा मिळाली त्याच्या डोक्यावर टोपी आहे, हातात वाद्य आहे, समोर मशीद मात्र नाही.

आणि ज्याला जागा मिळाली नाही ते दुसऱ्या पोस्टरात आहे. १९६७चं, 'जुनं जग फोडा, नवं उभारा'. हातोडा उगारलेला तरुण, पायाखाली चिरडलेल्या वस्तूंत क्रूस, बुद्धमूर्ती, जुनी पुस्तकं. त्या काळात चीनभर मशिदी बंद पडल्या, कित्येकींची गोदामं झाली, इमामांची धिंड निघाली. युन्नान प्रांतातल्या शादियान गावच्या हुई लोकांनी बंद मशीद उघडायचा आग्रह धरला. प्रकरण चिघळत गेलं आणि जुलै १९७५मध्ये लष्कर गावात शिरलं. हजाराहून अधिक लोक मारले गेले. १९७९मध्ये सरकारनं ती कारवाई चुकीची होती असं मान्य केलं. त्याचं पोस्टर अर्थातच नाही. शिनजियांगमध्ये आज काय चालू आहे ते वाचक वर्तमानपत्रांत वाचत असतील. कुर्बानचाचांचा पुतळा अजून तिथेच आहे.

बायकांबद्दल मात्र ही पोस्टरं उदार होती. ट्रॅक्टर चालवणारी, विजेच्या खांबावर चढलेली, वेल्डिंगचा चष्मा लावलेली, हातात ग्रंथ नि स्टेथोस्कोप घेतलेली. यातलं सगळंच खोटं नव्हतं. ल्यांग जुन ही चीनची पहिली ट्रॅक्टरचालक मानली जाणारी बाई खरीच होती. एक युआनच्या नोटेवर तिच्यावरून काढलेलं चित्र छापलं गेलं. आमच्या मुलीला हीच भिंत पसंत पडली. पुढच्या, एकाच मुलाच्या धोरणाच्या पोस्टरांत आईबापांच्या मांडीवर दिसतं ते मूल बहुतेक वेळा मुलगी असतं. मुलगाच हवा म्हणणाऱ्या समाजाला समजावण्यासाठी ते मुद्दाम केलेलं. समाज काय समजला ते त्यानंतरच्या मुलामुलींच्या प्रमाणात दिसलं.

बाहेर पडायच्या आधी एक कॅनडियन चेहरा दिसला, डॉ. नॉर्मन बेथ्यून. जपानविरोधी युद्धात चिनी जखमींवर शस्त्रक्रिया करता करता १९३९मध्ये हा सर्जन वारला. माओंनी त्याच्यावर लिहिलेला लेख सांस्कृतिक क्रांतीत सर्वांना पाठ करावा लागे, म्हणून त्याची पोस्टरं अगणित. त्याच्या नावाच्या इस्पितळाचे पहिले संचालक होते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्यावरचं पुस्तक ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलं, त्यावरून शांतारामबापूंनी चित्रपट काढला. चीननं १९८२मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं. आमच्या मुलीच्या प्राध्यापकांना 'इंडिया' म्हटल्यावर पहिलं नाव आठवायचं ते 'ख तिहुआ', म्हणजे कोटणीस.

दाराशी छोटं दुकान होतं. जुन्या बाजारांत मिळणाऱ्या 'अस्सल' पोस्टरांपासून जपा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. खऱ्या पोस्टराचा कागद पातळ असतो, घड्या पडलेल्या असतात आणि खालच्या कडेला चित्रकाराचं नाव, प्रतींची संख्या आणि किंमत छापलेली असते. किंमत पाहावी तर काही फेन, म्हणजे पैसेच. नकलीचा कागद जाड, आणि जुनाट दिसावा म्हणून चहाचं पाणी फासलेलं. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. कोटणीसांचं काही आहे का विचारलं, नव्हतं. बेथ्यूनचं एक पोस्टकार्ड मिळालं. ते घेऊन कोपऱ्यावरच्या लान्चौ नूडल्सच्या दुकानात आलो. दारावर हिरवी छिंगजन पाटी, म्हणजे हलाल. आत पांढऱ्या टोपीतला मुलगा कणकेची दोरी ताणत होता. वाडग्यातून वाफ निघत असताना मुलीनं कार्डामागे मामूंचा सोलापूरचा पत्ता लिहिला. पोचायला सव्वा महिना लागला.